खंडेनवमीची पिन

अन्वीने पिन बुशमध्ये सोडली आणि बुशच्या खालच्या तोंडावर बोट धरलं. पिन खाली पडली नाही. आत अडकलेली हवा बाहेर पडायला फट शोधत होती आणि पिन त्या हवेवर बसल्यासारखी सावकाश, अगदी सावकाश खाली उतरत होती.

"बघ आजी. आठ मायक्रॉन गॅप आहे फक्त. केसाचा दहावा भाग."

"आणि बोट काढलं की?"

तिने बोट काढलं. टक् करून पिन तिच्या तळहातावर पडली. आम्ही दोघी हसलो. मी म्हटलं, "परत कर." तिने परत केलं.

पिन म्हणजे करंगळीएवढा पोलादी तुकडा, आणि बुश म्हणजे तो ज्यात बसतो ती नळी. कोल्हापूरला उद्यमनगरात आमचं दोन लेथ आणि एका ग्राइंडरचं वर्कशॉप होतं. मी तिथे बावीस वर्षं कानशीने जॉबचे, म्हणजे यंत्रावर घडवलेल्या भागांचे, बर काढले, कडेला राहिलेली धारदार कुसळं. यंत्राला हात लावला नाही, पण चांगला जॉब कसा दिसतो ते मला कळतं. हा चांगला होता. अन्वीने तो सहा आठवडे खपून केला होता आणि अजून अठरा वर्षांचीही नव्हती.

ही बुधवारची गोष्ट. शुक्रवारी सकाळी तिला हाच तुकडा घेऊन इथल्या, ब्रिस्टलच्या फिल्टन भागाजवळच्या एका विमानांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत जायचं होतं. तिच्या कॉलेजमधून सोळा मुलं जाणार होती आणि जागा होत्या चार. ज्यांची निवड होईल ती पुढच्या सप्टेंबरपासून आठवड्याचे चार दिवस कंपनीत पगारावर काम करणार, पाचव्या दिवशी युनिव्हर्सिटीत शिकणार, आणि पाच वर्षांनी इंजिनियर होऊन बाहेर पडणार. प्रत्येकाने स्वतः बनवलेली एक वस्तू आणि तिच्या मापांचा रिपोर्ट आणायचा होता. म्हणून कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या प्राइस सरांनी पिन तपासून, कागदावर दोघांच्या सह्या करून ती तिला घरी न्यायला दिली होती.

हे कॉलेज आमच्या घरातलं जुनं भांडण आहे. इथे इंग्लंडमध्ये मुलं चौदाव्या वर्षी शाळा सोडून त्या कॉलेजात जाऊ शकतात. तिथे गणित-सायन्स असतंच, पण निम्मा दिवस वर्कशॉपमध्ये जातो. माझी सून रश्मी हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तिला ते अजिबात पसंत नव्हतं. "चौदाव्या वर्षी कोण ठरवतं आयुष्याचं?" ती म्हणाली होती. माझा मुलगा उदय कंप्युटरवाला. तो म्हणाला, बघून तर येऊ. म्हणून आम्ही चौघं बघायला गेलो.

तिथे आत शिरल्याबरोबर एक लांब भिंत होती आणि भिंतीवर आदल्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलांचे फोटो. प्रत्येक फोटोखाली एक रंगीत ठिपका. हिरवा म्हणजे कंपनीत शिकाऊ म्हणून लागला. निळा म्हणजे युनिव्हर्सिटी. पिवळा म्हणजे साधी नोकरी. काही फोटोंखाली राखाडी ठिपका होता. मी मोजले. अकरा होते.

मी अन्वीला म्हटलं, "त्यांना विचार, हे अकरा कुठे गेले?"

प्राइस सर तिथेच उभे होते. टक्कल, हातावर जुन्या भाजल्याचे डाग. त्यांनी अन्वीचं ऐकलं आणि माझ्याकडे बघून सांगितलं, "माहीत नाही. आम्ही फोन केले, त्यांनी उचलले नाहीत."

गाडीत बसल्यावर रश्मी म्हणाली, "ऐकलंत ना आई? शंभर मुलांतली अकरा मुलं कुठे गेली हे त्यांनाच माहीत नाही."

उदय म्हणाला, "निदान लपवलं तरी नाही."

अन्वी गेली त्याच कॉलेजात. पण त्या दिवसापासून रश्मीच्या तोंडी एक शब्द आला, 'ग्रे डॉट'. अन्वीचा पेपर चुकला की ग्रे डॉट. अन्वी उशिरा उठली की ग्रे डॉट. थट्टेत म्हणायची, पण तिला खरंच भीती वाटत होती, आणि हळूहळू ती मलाही वाटायला लागली.

तर बुधवार. त्या दिवशी खंडेनवमी होती.

वर्कशॉप होतं तेव्हा खंडेनवमीला मी दोन्ही लेथ, ग्राइंडर, व्हर्नियर, मायक्रोमीटर, सगळ्यांना हळदकुंकू लावायची. झेंडूची माळ, नारळ, पेढे. इथे ब्रिस्टलमध्ये आल्यावरही मी ते सोडलं नाही. देव्हाऱ्यापुढे पाट मांडते. त्यावर विळी, कात्री, रश्मीचा स्टेथोस्कोप, उदयचा लॅपटॉप. या वर्षी मला वाटलं, पोरगी परवा एवढ्या मोठ्या ठिकाणी चालली आहे, तिची पिन नको का पाटावर?

मी तिच्या खोलीच्या दारातून विचारलं, "अन्वी, पिन पूजेला ठेवू का गं?"

बुधवारी कॉलेज दुपारीच सुटतं. ती कानाला हेडफोन लावून रिपोर्ट लिहीत होती. "हं," म्हणाली.

मी डबी खाली आणली. आतला तेलकट कागद सोडला. पिनेला तेल होतं, त्यावर हळद कशी बसणार? म्हणून मी स्वच्छ फडक्याने तिला कोरडी पुसली. हळद कालवली, कुंकू कालवलं, आणि अनामिकेने पिनेच्या मधोमध दोन बोटं ठसठशीत ओढली. वर अक्षता, वर झेंडूची पाकळी. नमस्कार केला. संध्याकाळी सगळ्यांनी केला. रश्मीनेसुद्धा. पूजा रात्रभर तशीच ठेवायची आणि दसऱ्याच्या सकाळी उचलायची, ही आमची पद्धत.

गुरुवारी सकाळी आठला सगळे आपापल्या कामाला गेले. अन्वी जाताना म्हणाली, "आजी, पिन बॉक्समध्ये ठेव हं. तेल लावून."

"ठेवते बाई."

मी पाकळी उचलली. अक्षता झाडल्या. हळद अजून ओली होती. मला नवल वाटलं. कोल्हापूरला दसऱ्याच्या दिवसांत असं ऊन असतं की हळद लावल्या लावल्या वाळून खपली धरते. इथे खिडकीच्या काचांना आतून घाम आला होता. मी फडक्याने हळद पुसली. हळद गेली. तिच्याखाली दोन तांबूस पट्टे राहिले.

मी चष्मा लावला. गंज होता.

पुन्हा पुसलं. वरची तांबूस भुकटी फडक्याला आली आणि खाली काळपट डाग राहिला, खडबडीत. नखाला लागत होता. मी बुश घेतलं, पिन आत सोडली आणि खालून बोट धरलं. पिन निम्म्यापर्यंत गेली आणि थांबली. मी बोट काढलं. तरी थांबलेलीच. मी बुश उलटं केलं, हलवलं. शेवटी पेन्सिलीने ढकलून बाहेर काढली.

मी पाटासमोर तशीच बसून राहिले. गुडघे दुखत होते, पण उठवेना.

मग उठले आणि स्वयंपाकघरात गेले. चिंच भिजत घातली. पितळेची समई मी चिंचेनेच घासते. सिंकजवळची हिरवी घासणी घेतली. पिन डाव्या हातात धरली, घासणी उजव्या हातात, आणि एकदम मला हे आठवले. आमचे हे, उदयचे वडील. ग्राइंडिंग झालेल्या जॉबला कोणी पॉलिश पेपर लावला की ओरडायचे, "घासू नको! घासलंस की साइज गेली!" शांत माणूस, पण एवढ्यासाठी ओरडायचे.

मी घासणी ठेवली.

कोणाला विचारू? उदय मीटिंगमध्ये असणार. रश्मीला तर विचारायचंच नव्हतं. मी नंदूला फोन लावला. नंदू आमच्याकडे ग्राइंडरवर वीस वर्षं होता. आता त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे, उद्यमनगरातच. तिकडे दुपार झाली होती.

"वैनी! दसऱ्याचा नमस्कार! कसं हाय लंडन?"

"लंडन नाही रे, ब्रिस्टल. नंदू, ऐक. पिनेला गंज चढलाय."

मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ग्राइंडिंग केलेल्या सरफेसला हळद लावली? ओली?"

"हो."

"आन् तेल पुसून?"

"हो रे बाबा. दर वर्षी तर लावायची मी. तुमच्या मायक्रोमीटरलासुद्धा लावायची. तेव्हा कुठे गंज चढला?"

नंदू हसला. मग हसायचा थांबला. "वैनी, आता सांगायला हरकत न्हाई. मालक मागं थांबायचे, आठवतंय?"

आठवत होतं. खंडेनवमीला पूजा झाली की हे म्हणायचे, तू पोराला घेऊन पुढे हो, मी कुलूप लावून येतो. आणि यायला तास-दीड तास लागायचा. मला वाटायचं, कामगारांबरोबर चहा घेत असतील.

"तुम्ही गेला की आमी सगळी बसायचो पुसत," नंदू म्हणाला. "एकेक मायक्रोमीटर पुसून तेल लावायचं. लेथच्या बेडवरची हळद काढायची. मालक सोता ग्राइंडरचा टेबल पुसायचे. आन् सकाळी तुम्ही यायच्या आधी परत वाईच सुकं कुंकू लावून ठेवायचे, तुम्हाला दिसायला. आमाला दम दिलावता, बाईंच्या कानावर जाता कामा नये म्हणून."

"बावीस वर्षं?"

"मी हुतो तवर तर दर साली."

नंदू म्हणाला, "वैनी, आता काय करायचं सांगू? घासू नगासा. चिंच न्हाई, लिंबू न्हाई. शिलाई मशीनचं तेल हाय का घरात? ते लावा आन् मऊ फडक्यात गुंडाळा. डाग जाणार न्हाई. पण वाढायचा थांबंल."

"पिन अडकते रे."

"अडकणारच. आन् पोरीला सांगा. आजच सांगा. उद्या तिथं साहेबाच्या पुढं अडकली तर पोरगी उभ्या उभ्या मरंल."

तेल रश्मीच्या शिलाईच्या डब्यात होतं. मी लावलं, पिन गुंडाळली, डबीत ठेवली, डबी अन्वीच्या टेबलावर ठेवली. बंद डबी अगदी काल होती तशी दिसत होती. ती तशी दिसत होती म्हणूनच एक विचार माझ्या मनात आला आणि तो मी इथे लिहिते, कारण तो आला होता. मी काही बोलले नाही तर? अन्वी आज डबी उघडणारही नाही. तिला वाटेल की डबीतच ओल शिरली असेल. ओल तर सगळीकडेच आहे. कोण म्हणेल की आजीने केलं?

तेवढ्यात फोन वाजला. सुप्रभा. तिचा मुलगा आणि रश्मी एकाच हॉस्पिटलात आहेत, आणि तिचा नातू सुश्रुत या वर्षी मेडिकलला लागला.

"दसऱ्याच्या शुभेच्छा हो! अन्वीचं काय? अजून ते हातोडी-पान्ह्याचंच चाललंय का?"

"उद्या मुलाखत आहे."

"कारखान्यात?" ती म्हणाली. "होईल हो काहीतरी. सगळ्यांनाच थोडं मेडिकल जमतं? आमच्या सुश्रुतचं तर..."

मी सुश्रुतचं पंधरा मिनिटं ऐकलं. एरवी मी काहीतरी टोला दिला असता. त्या दिवशी मी मनात म्हणत होते, हिचा टोमणा खरा झाला तर तो माझ्यामुळे खरा होणार आहे.

अन्वी कॉलेजातून चार वाजता येते. मी तीनलाच बाहेर पडून बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले. हा स्टॉप माझा ओळखीचा. मला अक्षरं आली तीच पन्नाशीत, तीही मराठीच. इंग्रजी मी या स्टॉपवर शिकले, अन्वी सहा-सात वर्षांची असताना. ती एकेक अक्षर सांगायची, मी लावायची. रिकाम्या बसच्या कपाळावर दिव्यांनी लिहिलेलं असतं, 'सॉरी, नॉट इन सर्व्हिस'. त्यातला 'सॉरी' हा मी अख्खा वाचलेला पहिला इंग्रजी शब्द. आजही तो मला लांबून, चष्म्याशिवाय ओळखता येतो. त्या दिवशी एकामागून एक तशा दोन बस गेल्या.

चारला अन्वी उतरली. मला बघून घाबरली. घाबरली की तिचं इथे वाढलेलं मराठी आणखी मोडतं. "आजी? काय झाला? बाबा ओके आहे?"

"बाबा बरा आहे. तुझी पिन मी बिघडवली."

तिथेच, स्टॉपच्या काचेला टेकून मी तिला सांगितलं. हळद, तेल पुसलेलं, रात्रभरची ओल, गंज. नंदूचं नाही सांगितलं, ते नंतर.

ती चालायला लागली, मग पळायला. मी तिच्यामागे जमेल तशी आले. घरी पोचले तेव्हा ती जिन्यावर बसलेली होती, एका हातात पिन आणि दुसऱ्या हातात बुश. पिन मधोमध अडकलेली.

"तू काय केला आजी," ती म्हणाली. "तू काय केला. सिक्स वीक्स." ती रडत होती. "तू मला विचारला पण नाही!"

विचारलं होतं, असं मी म्हणू शकले असते. तिने 'हं' म्हटलं होतं. पण ती ज्याला 'हं' म्हणाली ते तिने ऐकलंच नव्हतं, आणि ते मला तेव्हाही माहीत होतं.

"विचारायला हवं होतं," मी म्हटलं.

सहाला रश्मी आली. तिने पिन बघितली आणि खुर्चीवर बसली. "उद्या सकाळी साडेनऊला आहे," ती म्हणाली. कोणालाच ते सांगायची गरज नव्हती. "आई, तुम्हाला किती वेळा सांगितलं की तिच्या वस्तूंना..." मग ती थांबली, कारण असं तिने कधीच सांगितलं नव्हतं. ती स्वतः त्या पाटाच्या पाया पडली होती.

उदय आल्यावर म्हणाला, "पॉलिश कर ना. बारीक पेपर घे."

"साइज जाईल बाबा!" अन्वी ओरडली. अगदी आजोबांसारखी. मी दचकलेच. "मग पिन लूज होणार. मग तो डायरेक्ट पडणार."

"बरं, मग सांग की कॉलेजमध्येच गंजली. स्टोरेजचा प्रॉब्लेम. पूजाबिजा नको बोलूस तिथे. त्यांना काय समजणार? हसतील."

"प्राइस सरांनी सही केलीय की पिन ओके होती. मग सर खोटा ठरणार."

माझ्या डोक्यात नंदूचं बोलणं फिरत होतं. मी म्हटलं, "उदय, तुझ्या बाबांनी बावीस वर्षं हेच केलं." आणि त्यांना सांगितलं. मागे राहून पुसणं, तेल लावणं, सकाळी पुन्हा सुकं कुंकू. "मला वाईट वाटू नये म्हणून लपवलं. चांगल्या मनाने लपवलं. पण एकदा जरी म्हणाले असते ना, की हळदीने गंज चढतो, तर काल मी या पिनेला हात लावला नसता."

रश्मीने उठून कुकर लावला.

अन्वी डोळे पुसत टेबलाशी गेली आणि मायक्रोमीटर घेऊन मापं घ्यायला लागली. पिनेवर सात ठिकाणी. प्रत्येक माप तीनदा. मग लॅपटॉप उघडला आणि रिपोर्टला तिसरं पान जोडलं.

"आजी, इकडे ये. हळद कधी लावला?"

"दुपारी तीन वाजता."

"पुसला कधी?"

"सकाळी आठ."

"सतरा तास." तिने टाइप केलं. "पाणी किती होता? हळदीत काय काय आहे? कुंकूमध्ये?"

मी सांगत गेले. कुंकवात हळद आणि चुना असतो हे सांगितलं. घरात हीटिंग बंद होतं हे तिने स्वतः लिहिलं. मग एका रकान्यापाशी ती थांबली.

"इथे लिहायचा की कशामुळे झाला."

"माझं नाव लिही."

"नाव नाही लिहायचा आजी. कारण लिहायचा."

"मग लिही, आजीला कोणी सांगितलं नव्हतं."

तिने माझ्याकडे बघितलं. नाक लाल झालेलं. मग काहीतरी लिहिलं. मी वाचायचा प्रयत्न केला, पण ओळ लांब होती आणि ती लगेच पुढच्या पानावर गेली.

शुक्रवारी उदय तिला गाडीने सोडून आला. मी देव्हाऱ्यापुढे बसले नाही. का कोणास ठाऊक, त्या दिवशी बसवेना. मी खिडकीच्या काचा पुसल्या, आतून. दर तासाला त्या पुन्हा ओल्या होत होत्या.

अडीचला ती आली. बूट काढले, पाणी प्यायली.

"काय झालं?"

"माहीत नाही."

"पिन अडकली?"

"अडकला. सगळ्यांसमोर. बाकी सगळ्यांचा वस्तू परफेक्ट होता आजी. एका मुलाने गिअरबॉक्स आणला होता, छोटा. मेरियम म्हणून मुलगी होती, तिने हिंज केला, काय स्मूथ!" ती खाली बसली. "तिघं होते विचारायला. एक बाई होती, पांढरे केस. तिने पिन हातात घेतला, आत टाकला. अडकला. ती माझ्याकडे बघितली. मी म्हटला, पान तीन बघा."

"मग?"

"ती वाचली. खूप वेळ वाचली. मग विचारला, ओला किती तास होता. मी म्हटला सतरा. तिने विचारला, कसं माहीत. मी म्हटला, आजीला विचारला. तिने विचारला, आजीने कधी सांगितलं. मी म्हटला, मी बसमधून उतरली तेव्हा, बसस्टॉपवर."

"हसली का?"

"नाही ना! कोणीच हसला नाही. ती काहीतरी लिहिली आणि मग म्हणाली थँक यू, नेक्स्ट."

'नेक्स्ट' म्हटल्यावर तिचा चेहरा पडला आणि ती वर गेली. रश्मी संध्याकाळी म्हणाली, "दुसरे अर्ज आहेत ना अजून. युनिव्हर्सिटीचेही आहेत." ग्रे डॉट म्हणाली नाही. त्या दिवसापासून तिने तो शब्द घेतलाच नाही, आणि त्यामुळे मला जास्तच भीती वाटायला लागली.

उत्तर तीन आठवड्यांत येणार होतं. तीन गेले, चौथा गेला. त्या मेरियमला आलं. गिअरबॉक्सवाल्या मुलाला आलं. म्हणजे चारातल्या दोन जागा गेल्या. अन्वीने जेवताना हे सहज सांगितल्यासारखं सांगितलं आणि भाजी परत वाढून घेतली, जी तिला आवडत नाही. दिवाळी येऊन गेली. मी फराळ केला, पण चकल्या बिघडल्या. माझ्या चकल्या कधी बिघडत नाहीत.

नोव्हेंबरच्या एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते. अन्वी लवकर आली होती, परीक्षेचं काहीतरी होतं म्हणून. ती आत आली आणि फोन माझ्यासमोर ओट्यावर ठेवला. पालथा.

"मेल आला आजी. कंपनीचा. मी नाही बघणार."

"आईला फोन कर. बाबाला कर."

"ते दोघं फोन नाही घेत, कामात. तू वाच."

"मला कुठे येतंय इंग्रजी?"

"मी तुला शिकवलाय," ती म्हणाली. "तू वाच. हळू वाच. मी तिकडे बघते." आणि ती खरंच फ्रिजकडे तोंड करून उभी राहिली.

मी हात पुसले. चष्मा लावला. फोन उलटा केला. बारीक अक्षरं होती. वर तिचं नाव. ते मी ओळखलं.

मग मी वाचलं नाही. आधी शोधलं. तो एक शब्द, बसच्या कपाळावरचा, मला लांबून ओळखता येणारा. पहिल्या ओळीत शोधला. दुसऱ्या ओळीत. बोट स्क्रीनवर लागलं आणि सगळं वर सरकलं, तशी मी घाबरून ते परत खाली आणलं. तिसऱ्या ओळीत शोधला. शेवटी सहीपर्यंत गेले.

"आजी? काय आहे?"

"थांब. सॉरी नाहीये यात."

तिची पाठ ताठ झाली. "नीट बघ. कधी कधी दुसरा शब्द असतो."

मी पुन्हा वरून सुरुवात केली. बोट ठेवून, एकेक अक्षर लावत. "वुई... आर..." पुढचा शब्द मोठा होता. मी तो फोडला. "प्लीज... प्लीज्ड."

अन्वीने फ्रिजचं हँडल धरलं.

"टू... ऑफर... यू..." मी वाचत राहिले, कारण थांबायची हिंमत नव्हती. "अ... कॉन... कॉन्डी..." तो मला लागेना. "हे काय आहे गं? कॉन्डी?"

तिने एका ढांगेत येऊन फोन हिसकावला. वाचलं. मग मला मिठी मारली, इतकी जोरात की चष्मा गालात रुतला.

"कंडिशनल," ती माझ्या खांद्यात म्हणाली. "म्हणजे ऑगस्टमध्ये रिझल्ट आला, आणि चांगला आला, तर मिळणार. नाही आला तर नाही."

"किती चांगला?"

तिने सांगितलं. बराच चांगला यायला हवा होता.

मग तिने मेलच्या शेवटच्या ओळी मला वाचून दाखवल्या. त्या पांढऱ्या केसांच्या बाईने लिहिलं होतं की निवडीनंतर पान तीन त्यांनी आपल्या विभागात दाखवायला ठेवलं आहे, चालेल ना? आणि त्यातला आजींचा प्रश्न योग्य होता. मी म्हटलं, माझा कुठला प्रश्न? मी तर काही विचारलं नव्हतं. तेव्हा अन्वीने लॅपटॉप उघडून मला तो रकाना मराठीत वाचून दाखवला, 'कशामुळे झालं' असं विचारणारा. त्यात तिने लिहिलं होतं: जिच्या हातून हे झालं तिला या धातूला पाणी चालत नाही हे बावीस वर्षांत कोणी सांगितलं नाही, का सांगितलं नाही?

संध्याकाळी रश्मी आली. बातमी ऐकून ती आधी अन्वीला आणि मग मला बिलगली, आणि मग लगेच म्हणाली, "ऑगस्ट. म्हणजे आता नऊ महिने अभ्यास." तिच्या आवाजात तीच जुनी भीती होती. ऐकून मला बरं वाटलं.

रात्री जेवताना मी अन्वीला विचारलं, "मग भिंतीवर आता तुझा कुठला ठिपका?"

"अजून कुठलाच नाही आजी. ऑगस्टनंतर लावतात."

पिन कॉलेजने परत मागितली नाही. प्राइस सर म्हणाले, असू दे घरी. ती आता देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात तेलकट कागदात आहे. दर शनिवारी मी ती उघडते, मऊ फडक्याने पुसते आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब लावते. मग बुशमध्ये सोडून खालून बोट धरते. ती सावकाश उतरत जाते आणि त्याच डागापाशी थांबते. मग मी पेन्सिल शोधते.